माऊस बाजूला ठेवून ब्राउझर: काही महिन्यांनंतरचा अनुभव

दिवसभर क्लिक करून मनगट दुखायला लागलं, म्हणून माऊस शक्य तितका कमी वापरायचं ठरवलं. त्याला आता बरेच महिने झाले. विंडोजवर वाचनासाठी फायरफॉक्स आणि कामासाठी क्रोम असा माझा वापर आहे. एकही एक्स्टेन्शन (ब्राउझरला वरून जोडायचा छोटा प्रोग्राम) टाकलेलं नाही. खाली सांगतोय ते सगळं ब्राउझरमध्ये आधीपासूनच असतं.

सगळ्यात जास्त उपयोग कशाचा झाला, असं विचाराल तर एका लिंकवरून पुढच्या लिंकवर नेणाऱ्या टॅब कीचा नाही. फॉर्म भरताना टॅब उत्तम, पण लिंकांनी भरलेल्या पानावर हवी ती लिंक येईपर्यंत बोट दुखतं. खरी सुटका केली ती शोधाने. कंट्रोल एफ दाबायचं, लिंकमधले दोन-तीन शब्द टाइप करायचे, सापडलं की एस्केप आणि मग एंटर. एस्केपने शोधपट्टी बंद होते, पण फोकस (म्हणजे कीबोर्डने निवडलेली जागा) त्या लिंकवरच राहतो, म्हणून एंटर दाबताच ती उघडते. पानाच्या पार तळाशी असलेलं ‘पावती डाउनलोड करा’ मी आता स्क्रोल न करताच उघडतो. फायरफॉक्समध्ये याहून जवळची वाट आहे: एकेरी अवतरणाची की दाबली की शोध फक्त लिंकांमध्येच होतो. मात्र मराठी टाइप करायचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू असेल तर त्या कीवर ‘ट’ असतो, त्यामुळे मराठी पानांवर मी सरळ कंट्रोल एफच वापरतो.

बाकी शॉर्टकट मोजकेच ठेवले आणि तेच अंगवळणी पडले. कंट्रोल एलने अ‍ॅड्रेस बार, ऑल्ट आणि डाव्या बाणाने मागचं पान, कंट्रोल शिफ्ट टीने चुकून बंद झालेला टॅब परत. ड्रॉपडाउनवर (पर्यायांची यादी असलेल्या चौकटीवर) आलं की ऑल्ट आणि खालचा बाण दाबून यादी उघडते, आणि नावाची पहिली अक्षरं टाइप केली की थेट तिथे जाता येतं. मजकूर निवडायला एफ७: पानात कर्सर येतो, मग शिफ्ट धरून बाणांनी हवं तेवढं निवडायचं. कॉपी-पेस्टचं काम रोजचं असेल तर हे शिकाच.

सेटिंग्जमध्ये मला सर्वांत मोलाची वाटली ती किमान फॉन्ट साइज. बारीक अक्षरातली इंग्रजी कशीबशी वाचता येते, पण देवनागरीत ‘द्ध’ आणि ‘ध्द’ सारखेच दिसायला लागतात, रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात. फायरफॉक्समध्ये फॉन्टच्या प्रगत सेटिंग्जमध्ये देवनागरीसाठी वेगळा फॉन्ट आणि वेगळी किमान साइज ठरवता येते. एक मेख आहे. पान मराठीत असलं तरी बनवणाऱ्याने कोडमध्ये त्याची भाषा इंग्रजी लिहून ठेवली असेल, तर देवनागरीची ही सेटिंग तिथे लागू होत नाही. अशा साइटवर कंट्रोल आणि प्लसने झूम वाढवतो. ब्राउझर ते प्रमाण त्या साइटपुरतं लक्षात ठेवतो. १५० टक्क्यांच्या आसपास बऱ्याच साइट मोबाइलसारखी मांडणी घेतात, आणि खरं सांगायचं तर वाचायला तीच बरी असते.

आपोआप सुरू होणारे व्हिडिओ आणि नोटिफिकेशनची विचारणा, दोन्ही फायरफॉक्सच्या परवानग्यांमध्ये जाऊन बंद केलं. लेख वाचायला तिथेच एफ९ने रीडर व्ह्यू, म्हणजे फक्त लेखाचा मजकूर दाखवणारं साधं पान. यावर अधिक सांगण्यासारखं काही नाही, लगेच करून टाका.

आता तक्रार. टॅब दाबल्यावर आपण कुठे आहोत हे दाखवणारी चौकट अनेक साइट दिसायला बरं नाही म्हणून काढून टाकतात. कोडमधली एक ओळ, आणि कीबोर्डवाल्याला आंधळी कोशिंबीर. क्रोमच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी सेटिंग्जमध्ये फोकस असलेली जागा क्षणभर ठळक करण्याचा पर्याय आहे, तो चालू केल्यावर बरीच सोय झाली. पण तारीख निवडायच्या कॅलेंडरवर त्याचा इलाज नाही. एका साइटच्या फॉर्ममध्ये टॅबने कॅलेंडरच्या आत शिरता येतं, पण बाहेर पडता येत नाही. टॅब दाबत राहा, त्याच तारखांमध्ये फिरत राहा. एस्केपही चालत नाही. शेवटी कंट्रोल एलने अ‍ॅड्रेस बारवर उडी मारून पानाच्या सुरुवातीपासून परत यावं लागतं. वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी २.० मार्गदर्शक तत्त्वांमध्ये २००८ सालीच या गोष्टी लिहिलेल्या आहेत: सगळं कीबोर्डने करता यावं, फोकस दिसावा, तो कुठे अडकू नये. मनगटदुखी हे माझं कारण, पण ज्यांना माऊस धरताच येत नाही त्यांचा फॉर्म तिथेच थांबतो, याचा मला मनापासून राग येतो. म्हणून अशा साइटना मी कळवतो: कोणतं पान, कोणती चौकट, कोणती की दाबल्यावर काय झालं. ‘साइट चालत नाही’ एवढंच लिहिलं तर दुरुस्त करणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

मॅकवर सफारी वापरणाऱ्यांसाठी: तिथे टॅब सुरुवातीला लिंकांवर थांबतच नाही. सेटिंग्जच्या अ‍ॅडव्हान्स्ड भागात टॅबने पानावरची प्रत्येक गोष्ट ठळक करण्याचा पर्याय आहे, त्यावर खूण करा. किंवा ऑप्शन धरून टॅब दाबा.