शीको स्टेट पार्क, लुईझियाना: बायूच्या प्रदेशात तंबू ठोकायचाय तर आधी कॅलेंडर उघडा

रेटिंग: नोव्हेंबरात पाचपैकी पाच. जुलैत दोन, आणि ते दोन पण केबिनमधल्या एसीला.

ह्यूस्टनच्या आमच्या मराठी ग्रुपवर दर थोड्या दिवसांनी कोणीतरी विचारतंच, लुईझियानात ते बायू, म्हणजे संथ पाण्याचे फाटे, आणि पाण्यात उभ्या झाडांचं जंगल असतं ना तिकडे कॅम्पिंगला जायचंय, कुठे जाऊ? की लगेच खाली धडाधड पार्कांची नावं पडायला लागतात. कधी जाऊ हे मात्र कोणी विचारतच नाही, आणि विचारलं तरी उत्तर येतं की उन्हाळ्याच्या सुट्टीत जा, मुलं मोकळी असतात. अहो, मुलं मोकळी असतात तसे डासही मोकळेच असतात. म्हणून आधीच सांगून ठेवते, रिव्ह्यू शीकोचा आहे पण निम्मा तारखांचा आहे.

शीको म्हणजे व्हिल प्लॅट गावाच्या उत्तरेला सहा-सात मैलांवर, ह्यूस्टनहून गाडीने चार तास धरून चाला. चौसष्टशे एकरांहून जास्त पार्क, त्यात दोन हजार एकरांचा तलाव, सायप्रस आणि टुपेलोची झाडं थेट पाण्यातच उभी, बुंधे खाली फुगलेले, वरून स्पॅनिश मॉसच्या राखाडी जटा लोंबतायत. (हे मॉस म्हणजे शेवाळ नाहीच मुळी, अननसाच्या कुळातलं आहे, मुलांना सांगा, अर्धा तास शांत बसतात.) फोटो सगळे तलावाचेच काढतात, पण तंबूवाल्यांना मी म्हणेन की तलाव राहू दे बाजूला, इथे उतार आहे ते बघा. दक्षिण लुईझियाना पोळपाटासारखा सपाट, पाणी पडलं की जायला जागाच नाही, आणि शीको मात्र बुटक्या टेकड्यांच्या पट्ट्यात आहे. पाऊस पडला की पाणी तलावाकडे निघून जातं, तुमच्या स्लीपिंग बॅगेकडे येत नाही. शेजारीच लुईझियाना स्टेट आर्बोरेटम (झाडांची जपलेली बाग) आहे, 1961 सालचं, तिथे बीच आणि मॅग्नोलियाचं जुनं जंगल आहे. बीचच्या झाडाला मुळाशी पाणी साठलेलं चालत नाही, तेव्हा ही झाडं दिसली की समजायचं जमीन निचऱ्याची आहे. मी हल्ली साइट निवडताना नकाशापेक्षा झाडंच बघते. सायप्रस आणि त्याचे ते जमिनीतून वर आलेले गुडघे दिसले की तिथे कधी ना कधी पाणी असतंच, तिथून वर सरका.

आता पावसाचं. आपल्या डोक्यात कोकण बसलेलं असतं, म्हणजे जूनला सुरू, सप्टेंबरला आवरतं घेतलं, मग दिवाळीपासून पुढे बिनधास्त. इथे असा काही करार नाहीये. वर्षाला साधारण 60 इंच म्हणजे दीड हजार मिलिमीटर, रत्नागिरीच्या जेमतेम निम्मा, पण तो बाराही महिने वाटून पडतो. उन्हाळ्यात रोज दुपारी ढग चढतात, तासभर कडकडाट, मग लगेच ऊन आणि जमिनीतून वाफ. ती वाफ हाच खरा त्रास, पाऊस नाही. मी तर तापमान बघायचं सोडूनच दिलंय, अ‍ॅपमध्ये ड्यू पॉइंट बघते, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव व्हायला लागतं तो आकडा; तो जितका वर तितकी हवा दमट. फॅरनहाइटमध्ये साठच्या खाली असेल तर मजा, सत्तरच्या वर गेला की रात्रीसुद्धा तंबूत घाम, आणि जुलै-ऑगस्टमध्ये तो पंचाहत्तरच्या आसपास ठाण मांडून बसतो, म्हणजे रात्री दोन वाजताही हवा 24 सेल्सियसच्या खाली उतरतच नाही आणि कपडे वाळत नाहीत ते नाहीतच.

ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा लागला की चित्र बदलतं. उत्तरेकडून पहिले कोल्ड फ्रंट यायला लागतात, एका रात्रीत वारा फिरतो, आकाश धुतल्यासारखं, आणि ऑक्टोबर हा तसाही या भागातला कोरड्या महिन्यांपैकी एक. ऑक्टोबरचे शेवटचे दिवस ते डिसेंबरची सुरुवात हा माझा सगळ्यात आवडता काळ, सायप्रसची पानं तेव्हा विटकरी-तांबडी होतात (हो, सूचिपर्णी असून पानं गाळतो हा). अडचण एकच, आपली दिवाळी नेमकी यातच येते आणि प्रत्येक वीकेंडला कोणाकडे तरी फराळ असतो. आम्ही यावर तोडगा काढला, फराळच कॅम्पवर नेला. आणि सांगते, यासारखं हवामानयंत्र नाही, फ्रंट येऊन गेल्यावर चकल्या उघड्या ताटात रात्रभर कुरकुरीत राहिल्या, आणि हेच मे महिन्यात कराल तर तासाभरात सादळून चामडं.

दुसरा काळ फेब्रुवारीचा शेवट ते एप्रिलचा मध्य. रानफुलं, पक्षी, आणि क्रॉफिशचा (झिंग्यासारखा गोड्या पाण्यातला जीव) सीझन अगदी भरात. पण वसंतात इथे टोर्नेडो आणि वादळी पावसाचं लचांड असतं, म्हणजे फोनवर अलर्ट चालू पाहिजेत आणि रात्री सायरन वाजला तर तंबू सोडून बाथरूमच्या पक्क्या इमारतीत जायचं हे मुलांनाही आधी सांगून ठेवायचं. एप्रिलमध्ये ओकच्या झाडांखाली एक काळी काटेरी अळी पडते, बक मॉथची, तिला हात लागला तर आग होते.

हरिकेनचा सीझन कागदावर 1 जून ते 30 नोव्हेंबर, जोर ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. 2020 साली 27 ऑगस्टला लॉरा हे हरिकेन लुईझियानाच्या किनाऱ्यावरच्या कॅमेरॉनला धडकलं आणि त्याच पट्ट्यात 9 ऑक्टोबरला डेल्टा, मधे फक्त सहा आठवडे. तेव्हा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याचं बुकिंग करणार असाल तर कॅन्सलेशनचे नियम वाचूनच करा. हिवाळ्यात म्हणाल तर एरवी छान, डास जवळजवळ नाहीत, मगरी चिखलात सुस्त, पण 21 जानेवारी 2025 ला याच लुईझियानात बर्फाचं वादळ आलं होतं, न्यू ऑर्लिन्सला 8 इंच बर्फ! असं रोज होत नाही हे मान्य, तरी गार दमट हवेत आठ-दहा सेल्सियस सुद्धा हाडात शिरतं, चांगली गादी न्या खाली घालायला. आणि उलटंही होतं, 2023 च्या उन्हाळ्यात इतका दुष्काळ पडला की राज्यभर आग पेटवायला बंदी आली, बोरिगार्डकडचं जंगल जळत होतं. बर्न बॅन आहे का ते निघण्याआधी बघा, नाहीतर शेकोटीवर भाजायची कणसं गॅसवर भाजत बसाल.

पार्ककडे येते परत. दोन कॅम्पग्राउंड आहेत, नॉर्थ लँडिंग आणि साउथ लँडिंग, गाडी लावायच्या साइट्सना पाणी आणि वीज दोन्ही. आता आरव्हीवाल्यांना (राहायची सोय असलेली मोठी गाडी घेऊन येणारे) वीज एसीसाठी लागते, तंबूवाल्यांना कशाला असं वाटेल, तर टेबल फॅनसाठी! लांब आउटडोअर एक्स्टेंशन वायर आणि साधा वीस डॉलरचा टेबल फॅन, तंबूच्या दारात लावला की घाम सुकतो, आतलं दव कमी धरतं आणि डासाला वाऱ्यात नीट उडता येत नाही म्हणून तोही लांब राहतो. महागडे बॅटरीवाले गॅजेट घेण्यापेक्षा हे करा. तंबू जाळीचा पाहिजे, वरचं रेनफ्लाय (पावसाचं आवरण) वेगळं, आणि खालची ताडपत्री तंबूच्या बाहेर डोकावता कामा नये, नाहीतर सगळं पाणी तीच गोळा करून तुमच्या पाठीखाली आणते.

चालणाऱ्यांसाठी तलावाला वळसा घालणारी वीसेक मैलांची ट्रेल आहे, वाटेत सामान पाठीवर घेऊन राहायच्या साध्या साइट्स पण आहेत, तिथे वीजबीज काही नाही. ही ट्रेल थंडीत करा. मे ते सप्टेंबर गोचीड आणि चिगर्स (बारीक चावरे किडे) यांचं राज्य, चिगर दिसत नाही आणि मोज्याच्या इलॅस्टिकखाली चावून ठेवतो, खाज पुढे आठवडाभर. पँट मोज्यात खोचा, कपड्यांवर पर्मेथ्रिन हे कीटकनाशक घरूनच मारून वाळवून न्या (अंगाला नाही लावायचं, आणि घरात मांजर असेल तर ओलं असताना तिला लांब ठेवा), अंगाला 20 टक्के पिकॅरिडिन किंवा डीट असलेलं कीटक पळवणारं औषध. कडुनिंबाचं तेल, सिट्रोनेलाच्या मेणबत्त्या वगैरे वासाला चांगल्या आहेत.

मगरींबद्दल सगळे पहिला प्रश्न विचारतात म्हणून लिहिते, तशा त्या माझ्या धास्तीच्या यादीत खाली आहेत. खायला घालायचं नाही, अंधारात पाण्याच्या काठाला भांडी घासायची नाहीत, लहान मुलं आणि कुत्रा काठापासून लांब, जून-जुलैत अंडी घालतात तेव्हा गवताच्या ढिगाऱ्यापाशी जायचं नाही, बास. मला स्वतःला फायर अँटची (आग होईल अशा चावणाऱ्या मुंग्या) जास्त धास्ती वाटते. तंबू उघडायच्या आधी पाच मिनिटं नुसती जमीन बघा, भुसभुशीत मातीचा उंचवटा दिसला की ती जागा सोडा, आणि पाऊस पडून गेल्यावर पुन्हा बघा कारण त्या भिजल्या की उंचावर सरकतात, आणि उंचावर कोण असतं तर तुम्ही. रॅकून कूलर उघडतात, अक्षरशः कडी काढून. खाण्याचं सगळं गाडीत, फराळाचे डबे तर नक्कीच.

कयाक नेणार असाल तर निघण्यापूर्वी पार्कला फोन करून तलावाची पातळी विचारा, पाणवनस्पती आटोक्यात आणायला कधीकधी तलाव मुद्दाम उतरवतात, मग पोचल्यावर चिखल बघत बसायला लागतं.

ग्रुपवर बाकीच्या पार्कांची नावं आली होती म्हणून त्यांच्याबद्दल थोडक्यात. लेक फॉस पॉइंट हे अचाफलाया नदीच्या खोऱ्याच्या कडेचं, लेव्हीच्या (पूर अडवायचा मातीचा बांध) रस्त्याने जायचं, जंगल शीकोपेक्षा जास्त रानटी आणि पाण्यावर केबिन्स सुंदर, कनूने जायच्या साइट्स पण आहेत. पण ती खरी सखल जमीन, म्हणून ते मी फक्त थंडीत सुचवते. पार्क लेव्हीच्या पश्चिमेला सुरक्षित आहे, पलीकडे खोऱ्यात बोट घालणार असाल तर मात्र वसंतात नदीची पातळी बघायला हवी, कारण मिसिसिपी आणि रेड या दोन्ही नद्यांच्या एकत्र पाण्यातलं 30 टक्के ओल्ड रिव्हर इथल्या बंधाऱ्याच्या दरवाज्यांच्या मदतीने इकडे वळवतात आणि वर कुठेतरी मिनेसोटात वितळलेला बर्फ एप्रिल-मे मध्ये इथे येऊन पोचतो, आपल्याकडे ढग नसले तरी. टेक्ससमधलं कॅडो लेक नोव्हेंबरच्या रंगांसाठी एक नंबर, शिवाय तिथे जाळीच्या भिंतींचे स्क्रीन्ड शेल्टर मिळतात, पहिल्यांदा जाणाऱ्यांना ते सोपं पडेल. पाँटचारट्रेन तलावाच्या उत्तर काठावरचं फाँटेनब्लो, तिथे तलावावरून वारा येतो म्हणून डास जरा कमी, आणि 1829 च्या साखर कारखान्याचे विटांचे अवशेष बघायला आहेत, कारखाना गुलामांच्या कष्टांवर चाललेला होता हे मुलांना सांगायला लाजू नका. खासगी आरव्ही पार्कांमध्ये सगळेच वाईट नसतात, पण एका ठिकाणी (नाव घेत नाही) 'वॉटरफ्रंट' म्हणून जास्त पैसे घेऊन दिलेली साइट रात्रीच्या पावसात स्वतःच वॉटर झाली. तेव्हापासून काठापासून निदान दोन रांगा मागची, चढावरची साइट घेतो, स्वस्तही पडते.

खायचं म्हणाल तर व्हिल प्लॅटच्या आसपास धुरी दिलेलं मांस आणि बूदां, म्हणजे आतड्यात भरलेला भात-डुकराचं मांस-कलेजी, गॅस स्टेशनवरसुद्धा गरम मिळतं आणि उत्कृष्ट असतं. शाकाहारींनी आपलं सामान आपणच न्यावं, इथे राजमा म्हणून जे समोर येतं त्यातही सॉसेज असतंच. कुकर, मुगाची खिचडी, मेतकूट, तूप, संपला विषय.

आता भारतातून येणाऱ्या आई-बाबांचं. ते बहुतेक एप्रिल ते सप्टेंबर येतात कारण थंडी नको, आणि मग आपण त्यांना बायू दाखवायचा घाट घालतो. जूननंतर असतील तर तंबू विसराच, शीकोला केबिन्स आहेत, एसी आहे, स्वयंपाकघर आहे, सकाळी सात ते नऊ बाहेर पडायचं, व्हरांड्यात चहा, मग दुपारभर आत पत्ते. माझ्या सासऱ्यांना ते इतकं आवडलं की तंबूत झोपायचं राहिलं ही तक्रार त्यांनी आजतागायत केलेली नाही.

बुकिंग लवकर करा, ऑक्टोबर-नोव्हेंबरचे वीकेंड भराभर जातात. थँक्सगिव्हिंगच्या गुरुवारच्या मागे लागू नका, ह्यूस्टनच्या बऱ्याच शाळांना तो अख्खा आठवडा सुट्टी असते, तर रविवार ते बुधवार घ्या, आणि साइट निवडताना नकाशावर पाण्याच्या रेघेला चिकटलेले नंबर सोडून मागचे बघा.