चिचेन इत्झाच्या वाटेवरची बनावट तिकिटं

मेक्सिकोतल्या कानकून या किनारी शहरातून भाड्याची गाडी घेऊन चिचेन इत्झाला, म्हणजे माया संस्कृतीच्या प्राचीन नगराचे अवशेष पाहायला, जाणारे पर्यटक बहुतेक वेळा दारावर नाही, त्याआधीच फसतात. शेजारच्या पिस्ते गावाच्या आसपास. वैध अमेरिकन व्हिसा असला की भारतीयांना मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही, त्यामुळे अमेरिकेतली मराठी कुटुंबंही सुट्टीत इकडे वळतात. त्यांनी हे नीट वाचावं.

पांढरा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात नकाशा. असा माणूस रस्त्यात येऊन हात दाखवतो. सरकारी वाटतो, म्हणून गाडी थांबते. पुढे पार्किंग भरलंय, रांग मोठी आहे, तिकिटं इथेच मिळतात, असं तो सांगतो. पैसे दिले की हाती पडते ती गाइडची किंवा सहलीची पावती. दारावर तिचा उपयोग शून्य; तिकीट पुन्हा काढावं लागतं. पोलीस नसेल तर थांबू नका, काच खाली करू नका. तुलुम या दुसऱ्या माया अवशेषांच्या रस्त्यावरही हाच प्रकार चालतो.

हे खपतं, कारण इथलं खरं शुल्कच दोन भागांत आहे: एक युकातान राज्याचं, दुसरं ‘इनाह’चं, म्हणजे केंद्राच्या पुरातत्त्व संस्थेचं. दोनदा पैसे भरायचेच असतात हे ऐकून आलेल्याला तिसरी खिडकीही खरी वाटते. कानकूनमध्ये सहल ठरवताना नुसतं ‘प्रवेश धरून’ यावर समाधान मानू नका. दोन्ही शुल्कं धरली आहेत का, ते विचारा आणि लिहून घ्या.

आत फेरीवाले भेटतात. मेक्सिकोत पेसोलाही $ हेच चिन्ह वापरतात. पाटीवरचे 200 म्हणजे पेसो की डॉलर, हे वस्तू हातात घेण्याआधी विचारा. फरक कित्येक पटींचा पडतो. ‘जमिनीतून निघालेली’ माया मूर्ती कुणी दाखवली तर हातही लावू नका. ती नकली असते. खरी निघालीच तर 1972च्या कायद्याप्रमाणे ती राष्ट्राची मालमत्ता आहे आणि देशाबाहेर नेणं गुन्हा ठरतो.

दार सकाळी 8ला उघडतं. युकातानचं घड्याळ कानकूनच्या एक तास मागे आहे. तिथून 6ला निघालात तर साधारण अडीच तासांच्या प्रवासानंतरही इथे साडेसातच वाजलेले असतात. तेव्हा पार्किंग रिकामं असतं.