घरात धापेचे रुग्ण दोन. नेब्युलायझर एक की दोन?

आमच्याकडे बाबांना जुन्या टीबीनंतरचा ब्रॉन्किएक्टॅसिस, म्हणजे श्वासनलिका कायमच्या रुंदावून त्यात कफ साचणं, तर मोठ्या काकांना सीओपीडी, म्हणजे श्वासाची वाट अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार. पावसाळ्याच्या तोंडाला काकांच्या बेडक्याच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून बघायच्या तपासणीत) सुडोमोनास नावाचा जंतू निघाला, तो बाबांनाही लागेल अशी भीती वाटली आणि तोवर कपाटावर सुखानं नांदणारा एकुलता एक नेब्युलायझर, म्हणजे औषधाचं धुकं करून श्वासातून देणारं मशीन, वादात सापडला.

एक मशीन आणि दोन किट, हा पर्याय तसा चुकीचा नाही. मशीन नुसती हवा ढकलतं. जंतू धरून बसतात ते औषधाचा कप, मास्क आणि नळी. ते दोघांचं वेगळं असलं की निम्मी काळजी मिटते, पैसेही वाचतात. आम्ही पावसाळाभर तसंच चालवलं.

पण चिपळूणच्या पावसात काही वाळत नाही हो! सुडोमोनासला ओलच लागते, सिंकच्या जाळीतसुद्धा तो मजेत राहतो. म्हणून कप आणि माउथपीस ५ मिनिटं उकळून जाळीवर पालथे घालायचो. दोन्ही किट शेजारी शेजारी, हुबेहूब सारखी. आईनं बाबांच्या कपाला नेलपॉलिशचा ठिपका लावला, तो उकळून उकळून उडाला. मग लाल दोरा बांधला, तर तोच दिवसभर ओला. एका पहाटे काकांना धाप लागली, हाताला आलं ते तोंडाला लावलं. उजाडल्यावर बघतो तर बाबांचं किट.

बाबांना पुढं काही झालं नाही. अशा आजारांत जंतू माणसाकडून माणसाकडे जाणं त्या मानानं कमीच, असं डॉक्टरही म्हणाले. सिस्टिक फायब्रोसिस या फुप्फुसात घट्ट कफ साचवणाऱ्या आनुवंशिक आजाराची गोष्ट वेगळी: एका घरातल्या भावंडांत पुष्कळदा सुडोमोनासचा एकच वाण सापडतो. तिथं एका मशीनचा विचारही नको.

आम्ही दुसरं मशीन घेतलं. खर्च वाढला, आणि दोन्ही एकदम सुरू झाली की टीव्ही बंद केलेला बरा. पण ज्याचं किट त्याच्या खोलीत, त्याच्याच मशीनपाशी वाळतं. ओळखायची भानगडच उरली नाही. तुमच्याकडे दुसऱ्याला वर्षातून चार दिवसच लागत असेल तर कदाचित एकात भागेल. दोघंही रोज घेणारे असतील तर, माझं विचाराल तर, भागत नाही.

नळीचं मात्र दोन्हीकडे सारखंच. औषध संपलं की कप काढून मशीन मिनिटभर नुसतं चालू ठेवायचं, आतले थेंब उडून जातात. काका हमखास विसरतात. बाबा भिंतीपलीकडून ओरडून आठवण करतात.