गिलाव्याखाली दडलेले जॅकेटिंग

सांगलीतील आमची तीन मजली इमारत १९८७ सालची असून २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही महापुरांत तिच्या पार्किंगमध्ये कृष्णेचे पाणी शिरले. २०१९ मध्ये तर आयर्विन पुलाजवळ, जिथे धोक्याची पातळी ४५ फूट धरली जाते, पाणी ५७ फुटांवर गेले होते. पुढे पार्किंगमधील कॉलमना उभ्या भेगा पडल्या आणि दोन ठिकाणी काँक्रीट सुटून गंजलेल्या सळ्या उघड्या पडल्या. सळी गंजली की फुगते आणि काँक्रीटला आतून ढकलते, त्यामुळे भेग सळीच्या रेषेतच पडते, एवढे आम्हाला समजत होते. त्यापुढचे सारे आम्ही ठेकेदारावर सोपवले.

सोसायटीचा सचिव या नात्याने या चुकीतला मोठा वाटा माझा आहे. स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, करणारा माणूस ठेकेदारानेच आणला होता आणि ‘ऑडिटची फी वेगळी द्यावी लागणार नाही’ याचाच आम्हाला आनंद झाला. त्याने रिबाउंड हॅमर, म्हणजे आघाताच्या उसळीवरून काँक्रीटची मजबुती अजमावणारे उपकरण, कॉलमच्या गिलाव्यावरच टेकवून आकडे लिहून घेतले. ही चाचणी गिलावा काढून उघड्या काँक्रीटवर करायची असते आणि तीही पृष्ठभागापुरतीच माहिती देते, हे मला फार उशिरा कळले.

चौदा कॉलमच्या जॅकेटिंगसाठी, म्हणजे प्रत्येक कॉलमभोवती नव्या सळ्या आणि काँक्रीटचे आवरण चढवण्यासाठी, सात लाख रुपये ठरले. तीन लाख आगाऊ गेले आणि उरलेले प्रत्येक आठवड्याला, काम न पाहता, ‘माल आणायचा आहे’ एवढ्या शब्दावर जात राहिले. जिन्याखाली मायक्रोकाँक्रीटच्या, म्हणजे दुरुस्तीसाठीच्या तयार बारीक काँक्रीटच्या, रिकाम्या गोण्या रचलेल्या असत. त्या भरलेल्या असताना कोणी पाहिल्या होत्या का, असा प्रश्न कोणालाच पडला नाही. काम हिरव्या जाळीच्या पडद्याआड चाले आणि धूळ उडते म्हणून रहिवासीही तिकडे फिरकत नसत. अठराव्या दिवशी कॉलम जाड, गुळगुळीत आणि रंगवलेले दिसू लागले.

चार महिन्यांनी पाण्याच्या मोटारीची पेटी बसवायला आलेल्या इलेक्ट्रिशियनने एका कॉलमला ड्रिल लावले. आधी करडी भुकटी पडली आणि जेमतेम दीड इंचावर ती अचानक पोपटी झाली. तो आमचा जुना डिस्टेंपर होता! म्हणजे नवा थर नीट धरावा म्हणून कॉलमला टाचेही मारले नव्हते. जुन्या रंगावरच कोंबडीजाळी ठोकून साध्या सिमेंटचा जाड गिलावा केला होता.

नंतर आम्ही स्वतः शोधलेल्या, ठेकेदाराशी संबंध नसलेल्या इंजिनिअरने दोन कॉलम फोडून दाखवले. नवी उभी सळी नव्हती, उभ्या सळ्यांना आडव्या बांधणाऱ्या नव्या रिंगा नव्हत्या, जुन्या सळ्यांवरचा गंजही तसाच होता. खरे जॅकेटिंग करताना आधी टेकू देऊन भार हलका करतात, सुटलेले काँक्रीट काढून सळ्या घासतात, नव्या सळ्या पायापर्यंत नेऊन तिथे पकडवतात आणि मग शटरिंग, म्हणजे साचा, लावून माल ओततात. आय. एस. १५९८८ या भारतीय मानकात काँक्रीटच्या जॅकेटची किमान जाडी १०० मिलिमीटर दिलेली आहे. आमचे ‘जॅकेट’ चाळीस मिलिमीटरचे आणि तेही फरशीवरच संपलेले. फरशी उचकटून पाया उघडा केलाच नव्हता, हे तर वर्गणी देणाऱ्या बाराही घरांना रोज गाडी लावताना दिसत होते.

सळ्या बांधून झाल्यावर आणि शटरिंग लावण्यापूर्वी स्वतंत्र इंजिनिअरने पाहून सही केल्याशिवाय पुढचा हप्ता द्यायचा नाही, अशी अट नव्या करारात आहे. प्रत्येक कॉलमचा फोटो मोजपट्टी लावून मीच काढतो. जुन्या ठेकेदाराविरुद्ध तक्रार करण्यासाठी वकिलांकडे गेलो, तेव्हा त्यांनी सर्वांत आधी कामाचा लेखी तपशील मागितला. आमच्या वर्क ऑर्डरवर एकच ओळ होती: ‘कॉलम दुरुस्ती, १४ नग, रंगासहित.’