खेळातून अमेरिकेला पोरं पाठवायची असतील तर आधी इथं येऊन बोला

परदेशी शिक्षणाचा सल्ला देणाऱ्या या ऑफिसाबद्दल लिहितोय. लेक ८०० मीटर पळते, गारखेड्याच्या क्रीडा संकुलावर प्रॅक्टिस चालू असते, आणि बारावीनंतर अमेरिकेतल्या कॉलेजकडून पळायचं हे तिनं पक्कं ठरवलंय. आधी एका दुसऱ्या एजंटकडं गेलो होतो, तो म्हणला वॉक-ऑनमध्ये बसवून देतो, म्हणजे स्पोर्ट्स कोटाच समजा. आपल्याकडं कोटा म्हणलं की ग्रेस मार्क, सरकारी नोकरीतलं ५ टक्के आरक्षण हेच डोळ्यापुढं येतं, मग फीमध्येही सूट असणार असंच कुणालाही वाटणार ना.

इथल्या मॅडमनी मात्र कोरा कागद घेतला, मधोमध रेघ मारली आणि लेकीलाच लिहायला लावलं. एका बाजूला रिक्रूट झालेली पोरं, ज्यांच्या मागं कोच स्वतः लागतो, बऱ्याचदा स्कॉलरशिपही देतो. दुसऱ्या बाजूला वॉक-ऑन, म्हणजे अॅडमिशन आपल्या मार्कांवर, फी आपल्या खिशातनं, तिथं गेल्यावर ट्रायआउट, म्हणजे निवड चाचणी द्यायची आणि कोचला पटलं तर टीममध्ये. त्यातच प्रेफर्ड वॉक-ऑन म्हणून एक असतं, त्यात कोच आधीच म्हणतो की तुझी जागा धरून ठेवतो, पण स्पोर्ट्सचा पैसा त्यातही नाही आणि तो शब्द पाळलाच जाईल याची कायदेशीर हमी नसते. आयव्ही लीग (हार्वर्ड, येलसारखी आठ नामांकित विद्यापीठं) आणि डिव्हिजन थ्रीची कॉलेजं (तिथल्या कॉलेज खेळांच्या संघटनेचे, एनसीएएचे, वन, टू, थ्री असे तीन गट असतात) तर खेळासाठी स्कॉलरशिप देतच नाहीत, भले कोचनं बोलावून नेलेलं असू दे.

मला सगळ्यात पटलं ते हे की त्यांनी स्वप्न विकलं नाही. अमेरिकन फुटबॉलवाल्या बेकर मेफिल्डचं उदाहरण त्यांनीच दिलं, टेक्सास टेक आणि ओक्लाहोमा दोन्हीकडं वॉक-ऑन म्हणून गेला, २०१७ ला हाइजमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सगळ्यात भारी खेळाडूचं बक्षीस, २०१८ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगच्या खेळाडू निवडीत, पहिला नंबर, पण लगेच म्हणल्या असे हाताच्या बोटावर मोजण्याइतके, त्यावर घरचं बजेट बसवू नका. आणि कॉलेजच्या खेळाडूंना पैसे देण्यावरच्या खटल्यात २०२५ ला कोर्टात झालेल्या तडजोडीनंतर ती मान्य केलेल्या डिव्हिजन वनच्या कॉलेजांना टीममध्ये किती खेळाडू ठेवायचे त्यालाच मर्यादा आलीय, अमेरिकन फुटबॉलला १०५, मुलींच्या ट्रॅक अँड फील्डला ४५, त्यामुळं वॉक-ऑनच्या जागाच कमी झाल्यात. ही गोष्ट त्या एजंटनं आम्हाला सांगितलीच नव्हती.

मग कोचला पाठवायचा ईमेल लेकीकडनंच लिहून घेतला, टाइम, शर्यतीचा व्हिडिओ, मार्क, आणि शेवटी सरळ प्रश्न की यंदा वॉक-ऑन घेणार का आणि ट्रायआउट कधी. एका कोचचं उत्तरही आलं, त्यानं आधी मार्कशीटच मागितली. वॉक-ऑन असलं तरी डिव्हिजन वन आणि टूला एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरची, म्हणजे खेळाडूची पात्रता तपासणाऱ्या ऑफिसची मंजुरी लागते, आणि आय-२० साठी (व्हिसाला लागणारा कॉलेजचा कागद) पहिल्या वर्षाचा पूर्ण खर्च बँकेत दाखवावा लागतो, हे पण इथंच कळलं.

फाइलची फी वेगळी घेतात पण आधी सांगून घेतात. व्हिसाचं समजावणं मात्र ऑफिसातल्याच दुसऱ्या एका मुलानं घाईघाईत उरकलं, आणि छापील माहिती सगळी इंग्रजीत, आमच्या वडलांना काही वाचता आलं नाही, जमीन त्यांच्या नावावर आहे तर त्यांनाही कळायला पाहिजे. एक स्टार कमी दिलाय तो एवढ्यासाठीच. जालना, परभणीकडनं येणाऱ्यांनी फोन करून या, शनिवारी लई गर्दी असते.