स्टिरिओ रिअलिस्ट घ्यावा की कोडॅक स्टिरिओ?

दोन्ही कॅमेऱ्यांत साधा 35 मिमीचा रोल चालतो आणि दोघांच्या फ्रेमचं मापही एकच. त्यामुळे जुना स्टिरिओ कॅमेरा (दोन लेन्सनी डाव्या-उजव्या डोळ्यासाठी एकाच वेळी दोन फोटो टिपणारा, म्हणजे दृश्यात खोली दिसते) घ्यायचा म्हटलं की गाडी बहुधा या दोघांपाशी येऊन अडते.

मूळ आराखडा रिअलिस्टचा. अमेरिकेत मिलवॉकीच्या सीटन रॉचवाइट या इंजिनिअरला स्टिरिओ कॅमेरे घरी बांधायचा नाद होता. सर्व्हेची उपकरणं बनवणाऱ्या डेव्हिड व्हाइट कंपनीने त्याचा कॅमेरा 1947 मध्ये बाजारात आणला आणि 1971 पर्यंत बनवला. कोडॅकने तेच माप उचलून 1954 मध्ये आपला स्वस्त कॅमेरा काढला. तो 1959 पर्यंत चालला.

या मापातच सगळी गंमत आहे. एक फ्रेम रोलच्या पाच छिद्रांची, म्हणजे 23.75 मिमी. जोडीतल्या डाव्या-उजव्या फ्रेममध्ये मध्यापासून मध्यापर्यंत बरोबर तिप्पट अंतर, 71.25 मिमी. मधल्या रिकाम्या जागेत शेजारच्या जोड्यांच्या फ्रेम येतात, रोल दर वेळी दहा छिद्रं सरकतो आणि जवळपास काहीच वाया जात नाही. 36 च्या रोलवर 28-29 जोड्या निघतात. रिअलिस्टच्या लेन्स मात्र एकमेकींपासून 70 मिमीवर आहेत. हा सव्वा मिलिमीटरचा फरक मुद्दाम ठेवलेला आहे. त्यामुळे फोटो बघताना त्याची चौकट सुमारे 2 मीटरवर उभी असल्यासारखी वाटते आणि त्यामागचं दृश्य खिडकीतून पाहावं तसं दिसतं.

रिअलिस्टमध्ये फोकस करताना लेन्स हलत नाहीत, आतला फिल्मचा पाट पुढेमागे होतो. दोन लेन्स एकसारख्या राखण्याचा याहून साधा उपाय नाही. सोबत रेंजफाइंडर (वस्तूचं अंतर मोजायची सोय) आहे, शटर 1 सेकंदापासून 1/150 पर्यंत. व्ह्यूफाइंडर खाली मधोमध असल्याने कॅमेरा कपाळाला टेकतो आणि स्थिर राहतो. त्रास एकच: शटर दर फोटोआधी हाताने ताणावं लागतं. विसरलात तर बटण दाबूनही फोटो निघत नाही.

कोडॅकमध्ये रोल सरकवला की शटर आपोआप ताणलं जातं. रेंजफाइंडर नाही, अंतर अंदाजानेच लावायचं. सर्वात मंद वेग 1/25, त्यामुळे संध्याकाळी ‘बी’वरच (बटण दाबून ठेवाल तोवर शटर उघडं) भिस्त. पण व्ह्यूफाइंडरमध्ये लेव्हलचा बुडबुडा दिसतो, आणि तो शोभेचा नाही. कॅमेरा तिरका धरला तर एक लेन्स वर, दुसरी खाली जाते. जवळच्या आणि लांबच्या वस्तूंमध्ये हा फरक वेगवेगळा पडतो, म्हणून माउंटमध्ये (जोडी बसवायच्या चौकटीत) फ्रेम फिरवून तो पुरता जात नाही. बघणाऱ्याचे डोळे दुखतात.

पहिलाच स्टिरिओ कॅमेरा असेल, फोटो दिवसा उजेडी काढायचे असतील तर कोडॅक. जवळचं, कमी उजेडातलं काम असेल तर रिअलिस्ट, तोही एफ/3.5 चा (हा लेन्सच्या छिद्राचा आकडा; जितका लहान तितकं छिद्र मोठं). एफ/2.8 ला जास्त पैसे मोजू नका. स्टिरिओत जवळचं-लांबचं सगळंच स्पष्ट लागतं, त्यामुळे काम एफ/8 किंवा एफ/11 वरच होतं.

घेताना मागचं झाकण उघडून कॅमेरा उजेडासमोर धरा आणि शटर चालवत फोनवर स्लो मोशनमध्ये टिपा. दोन्ही भोकं एकाच वेळी उघडमीट झाली पाहिजेत. जुनं ग्रीस घट्ट झालं की पहिल्यांदा मंद वेग अडकतात. कोडॅकचं शटर रोल सरकल्यावरच ताणलं जातं, म्हणून तो तपासताना एखादा वाया गेलेला रोल भरूनच तपासा.

लॅबला रोल देताना ‘कापू नका’ असं डबीवर ठळक लिहा. त्यांची मापं आठ छिद्रांच्या फ्रेमची असतात, कात्री तुमच्या फ्रेमच्या मधोमध बसते.