पिवळा दिवा लागला: शोरूम, फिटर की हजाराचं यंत्र?

भाच्याने दोन महिन्यांपूर्वी सेकंडहँड पेट्रोल गाडी घेतली, २०१७ ची. घर बेळगावच्या शहापुरात, नोकरी पणजीला. शनिवारी रात्री चोर्ला घाटातून यायचं, सोमवारी पहाटे परत. गेल्या आठवड्यात चप्पल काढायच्या आधीच विचारता झाला, "मामा, इंजिनचा दिवा लागलाय. शोरूमला नेऊ, उद्यमबागेत फिटरला दाखवू, की ते कोड वाचायचं ब्लूटूथचं यंत्र मागवू?"

तिन्ही प्रकार मी पैसे मोजून करून बसलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी दिवा कुठला ते बघा. लाल असेल, म्हणजे ऑइलच्या किटलीचा किंवा तापमानाचा, तर निवडण्यासारखं काही उरत नाही. बाजूला घ्या, इंजिन बंद करा. 'जांबोटीपर्यंत तरी नेऊ' म्हणणाऱ्यांची इंजिनं मी फिटरच्या टेबलावर उघडी पडलेली बघितलीत. बॅटरीचा लाल दिवा म्हणजे चार्जिंग बंद. एसी बंद करून थोडं अंतर काढता येतं, पण काही गाड्यांत पाण्याचा पंपही त्याच बेल्टवर चालतो. बेल्ट तुटला असेल तर तापमानाचा काटा चढायला वेळ लागत नाही.

इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा स्थिर असेल आणि गाडी नेहमीसारखी चालत असेल, तर सावकाश घरी या आणि चार दिवसांत दाखवा. तोच दिवा लुकलुकत असेल तर गाडी मिसफायर करतेय, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तो तापून निकामी होतो. ठिणगी पाडणारा प्लग आणि त्याला वीज देणारी कॉइल, यांचा खर्च त्याच्यापुढे किरकोळ. अशा वेळी ॲक्सिलरेटर सोडा आणि जागा बघून थांबा.

आता यंत्र. आपल्याकडे एप्रिल २०१३ पासूनच्या बहुतेक गाड्यांत स्टेअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं. हजाराच्या आतबाहेर मिळणारं ब्लूटूथ स्कॅनर त्यात खोचायचं, मोबाइलवर ॲप टाकायचं, की दोषाचा कोड दिसतो. पी ०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर मिसफायर, पी ०१७१ म्हणजे इंजिनला हवा जास्त आणि पेट्रोल कमी. दिवा लागला त्या क्षणी वेग किती होता, इंजिन किती तापलं होतं, हेही बऱ्याच गाड्यांत साठवलेलं असतं. कुठेही जायच्या आधी त्या स्क्रीनचा फोटो काढून ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि समोरच्याला कळतं की गिऱ्हाईक अगदीच कोरं नाही.

पण कोड म्हणजे लक्षण. ताप एकशे दोन आहे एवढं तो सांगतो, मलेरिया की डेंगी ते नाही. शिवाय स्वस्त यंत्रांना एबीएस आणि एअरबॅगचे कोड बहुतेक वेळा वाचता येत नाहीत. आणि ॲपमधलं कोड पुसायचं बटण दाबण्याचा मोह आवरा. दिवा विझतो, दोष तिथेच राहतो, साठवलेली माहिती मात्र जाते. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर यंत्र काढून ठेवा, बॅटरी उतरते.

माझ्या गाडीला तीन वर्षांपूर्वी पी ०१७१ आला होता. तेव्हा यंत्र नव्हतं. शोरूमला नेली, कोणतं ते राहू दे. ऑक्सिजन सेन्सर गेलाय म्हणाले, बदलला, पाच आकडी बिल केलं. आठव्या दिवशी दिवा परत. मग उद्यमबागेतल्या फिटरकडे गेलो. त्याने स्कॅनर लावला, कोड वाचला आणि स्कॅनर बाजूला ठेवून दिला. इंजिन चालू ठेवलं, कार्ब क्लीनरचा डबा घेतला आणि इंजिनला हवा नेणाऱ्या रबरी पायपांवर जरा जरा फवारत गेला. एका वळणावर फवारा बसला तसा इंजिनचा आवाज बदलला. परत फवारलं, परत बदलला. "सेन्सर न्हवं की साहेब, पायपाला चीर हाय. हितनं वारा ओढतंय बघा." पाइप आणि मजुरी मिळून सहाशे रुपये. (हे घरी करू नका, तो फवारा पेट घेतो.)

म्हणून शोरूम वाईट असं मी म्हणणार नाही. गाडी वॉरंटीत असेल, वाढवून घेतलेली का असेना, तर डोळे झाकून शोरूमच. बाहेर वायरिंग खोललं की पुढचा दावा अडतो. चावी आणि सॉफ्टवेअरची कामंही तिथलीच. बीएस-६ डिझेलचंही तेच, पण त्यात एक मेख आहे. या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. गावातल्या गावात, टिळकवाडी ते गणपत गल्ली एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्याचा तो भरतो आणि त्याचा दिवा लागतो. लगेच शोरूम गाठू नका. पुस्तिका वाचा. बहुतेक गाड्यांना एका दमात पंधरा-वीस मिनिटं, साठच्या वर चालवणं पुरतं. काकतीच्या पुढे हायवेला लागा, हत्तरगीच्या टोलअलीकडून वळून या. तरी दिवा गेला नाही तर मग शोरूम.

वॉरंटी संपलेल्या पेट्रोल गाडीला माझं मत फिटरच्या बाजूने. मात्र फिटर निवडताना एकच बघा: कोड वाचल्यावर तो पार्टचा भाव सांगतो, की बोनेट उघडून तपासायला लागतो. भाव सांगणारा असेल तर तो शोरूमचंच काम पावतीशिवाय करतोय.

रस्त्यात गाडी बंद पडली तर कुणाला बोलवायचं, हे रस्त्यावर ठरतं. निपाणी-कोल्हापूरकडे, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ४८ वर असाल तर १०३३ हा महामार्गाच्या मदतीचा नंबर लावा. चोवीस तास चालतो, फुकट आहे. टोलवाल्यांची क्रेन येऊन गाडी धोक्याच्या जागेतून बाजूला घेते, पण तुमच्या गॅरेजपर्यंत सोडणं तिचं काम नाही. पुढचं तुम्ही बघायचं.

चोर्ल्याला तसा टोल नाही, टोलची क्रेन नाही, आणि कणकुंबी सोडली की मोबाइलची रेंजही कुठे असते, कुठे नसते. इथे विम्यातली रोडसाइड मदत कामाची. नुसत्या थर्ड पार्टी विम्यात ती सहसा नसते, पॅकेज पॉलिसीला (आपल्या गाडीचं नुकसानही भरून देते ती) जोडून घ्यावी लागते. घेताना फुकट टोइंग किती किलोमीटर ते विचारा. कणकुंबीपासून बेळगावच चाळीसच्या वर आहे. मला एकदा फोनवरच्या बाईंनी 'लँडमार्क' विचारला. चोर्ला घाट म्हटल्यावर त्यांनी गोवा लिहिलं आणि गाडी उभी होती कर्नाटकात. क्रेन गोव्यातल्या साखळी गावाकडून निघाली. तेव्हापासून मी किलोमीटरचा दगड वाचून सांगतो.

गावातला ट्रॅक्टर किंवा टेम्पो लावून दोरीने टोचन करणं सगळ्यात लवकर होतं, हे खरं. सपाटीवर चालेल. घाटात नको. इंजिन बंद असलं की ब्रेक दगडासारखा होतो, स्टेअरिंग जड होतं, आणि पुढची गाडी थांबली की तुम्ही तिच्यावर. बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांचा तर गिअरबॉक्सच जातो, त्यांना उचलून नेणारीच क्रेन लागते.

भाच्याला मी माझंच यंत्र दिलं. कोड निघाला पी ०३०१. सोमवारी रजा टाकून तो फिटरकडे गेला. फिटरने काही विकत आणायला सांगितलं नाही. पहिल्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर बसवली, दुसऱ्याची पहिल्यावर, फोटो काढून कोड पुसला आणि म्हणाला, "मच्छेपर्यंत जाऊन ये." परत आला तेव्हा कोड पी ०३०२. कॉइलबरोबर दोष सरकला, म्हणजे कॉइलच गेलेली. एक कॉइल बदलली, बाकीच्या तीन तशाच ठेवल्या.

दुपारी कणकुंबीत चहाला थांबून त्याने मेसेज टाकला: "दिवा नाही मामा. आता रेंज जाईल."